फुलपाखरू चालेल, अळी नको

सहकारी गृहनिर्माण संस्थेत झाड लावण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो. झाडाला विरोध करणारा सभासद मी अजून पाहिलेला नाही. विरोध असतो तो झाडाच्या पानांना, फुलांना, शेंगांना, मुळांना, फांद्यांवर बसणाऱ्या पक्ष्यांना आणि सावलीत गाडी लावणाऱ्या शेजारच्या सोसायटीला. एवढं वगळून झाडाचं जे काही उरतं, त्याला सगळ्यांचा बिनशर्त पाठिंबा असतो.

म्हणून आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘परागस्नेही बाग’ हा विषय आला तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. हरकत न घेण्याचं दुसरं कारण म्हणजे विषय काय आहे ते कोणाला कळलं नव्हतं. तो मांडला होता बी विंगमधल्या बाईंनी. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात, कारण निम्म्या सोसायटीला त्यांनी नववीत विज्ञान शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्या सोसायटीला त्या अजून शिकवताहेत.

“मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं, पतंग यांना खायला-प्यायला आणि राहायला मिळेल अशी बाग,” बाईंनी खुलासा केला.

“राहायला?” खजिनदार सावध झाले. “म्हणजे भाडेकरू म्हणून?”

भाडेकरू ठेवायचे तर पोलिसांत नोंद करावी लागते, एवढीच माहिती आमच्या खजिनदारांना या विषयावर होती आणि ती त्यांनी सभेपुढे ठेवली. शेवटी ‘तात्पुरता मुक्काम’ असा शब्द इतिवृत्तात घालून वाद मिटला. मागच्या कुंपणाला लागून जो मोकळा तुकडा होता, जिथे तोवर बांधकामातल्या उरलेल्या फरशा आणि कोणाचीच नसलेली एक सायकल राहत होती, तो बागेला द्यायचं ठरलं. कडेने तुळस, कढीलिंब, अडुळसा आणि रुई, मधोमध एक मोठं झाड. रुईवर थोडी चर्चा झाली. रुईची पानं मारुतीला लागतात, दर शनिवारी बाहेरचे लोक पानं तोडायला येतील, वॉचमनने कोणाकोणाला अडवायचं, आणि मारुतीच्या भक्ताला अडवलं तर पुढे काय, असे मुद्दे आले. रुई आतल्या बाजूला लावण्याच्या अटीवर मंजूर झाली.

खरा प्रश्न होता मधल्या झाडाचा. बाईंच्या दोन अटी होत्या. झाड देशी हवं आणि पानगळीचं हवं. ‘देशी’ हा शब्द ऐकताच सभेत चैतन्य आलं. चेअरमन उठले आणि स्वदेशीवर बोलू लागले. त्यांच्या गळ्यात सत्काराचा झेंडूचा हार होता. झेंडू मूळचा मेक्सिकोचा हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी संयम पाळला. सूचना येऊ लागल्यावर मात्र त्यांचा संयम सुटला. गुलमोहर? मादागास्करचा. देवचाफा? मध्य अमेरिकेचा. बोगनवेल? दक्षिण अमेरिकेची. रस्त्याकडेला छत्री धरून उभा असतो तो रेन ट्री? तोही तिकडचाच. टेकडीवर फुलते ती गुलाबी फुलांची गिरिपुष्प? तीही अमेरिका खंडातली, वन खात्याने लावलेली.

“मग आपलं काही आहे की नाही?” चेअरमन काकुळतीला येऊन म्हणाले. सभेनंतरच्या अल्पोपाहारात बटाटेवडे होते. बाई बटाट्यापर्यंत पोहोचण्याआधी विषय आवरणं भाग होतं.

देशीचा हट्ट का, याचं बाईंचं उत्तर मात्र पटण्यासारखं होतं. फुलावर येऊन मध पिणारं फुलपाखरू फारसं चोखंदळ नसतं, ते परदेशी घाणेरीवरही आनंदाने बसतं. त्याचा सुरवंट अतिशय चोखंदळ. त्याला ठरावीक झाडाचंच पान लागतं, आणि ते पान पचवायला त्याच्या कुळाने कैक लाख वर्षं घालवलेली असतात. परक्या झाडाचं पान समोर आलं तर तो उपाशी राहील, पण तोंड लावणार नाही. हे ऐकून अनेक आयांना आपापल्या घरचं ताट आठवलं आणि देशी झाडाच्या बाजूने मतं झुकली.

पळस सुचवला गेला तेव्हा तीन पानांची म्हण सगळ्यांना एकदम आठवली आणि तेवढ्यावरच पळसाचं काम संपलं. पांगाऱ्याला काटे. काटेसावरीला तर नावातच काटे, शिवाय उन्हाळ्यात तिचा कापूस घरात उडत येतो म्हणून दमेकऱ्यांची हरकत. मोहाचं नाव निघालं तेव्हा ए विंगमधल्या एका अबोल सभासदांनी “एका झाडामागे साधारण किती किलो फुलं पडतात?” असं विचारलं. सभेत त्यांनी तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ होती. मोह तत्काळ बाद झाला. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. झाड सरकारी आहे म्हटल्यावर ते वेळेवर फुलेल ही आशाच लोकांनी सोडली.

असा उरला बहावा. फार थोराड होत नाही, काटे नाहीत, कापूस नाही, आणि ऐन मे महिन्यात पिवळ्या घोसांनी लगडतो. बहाव्याचे गुण सांगताना बाईंनी पानगळ, भुंगे, अळ्या आणि हातभर लांबीच्या शेंगा या चारही गोष्टींचा स्वच्छ उल्लेख केला होता. तो इतिवृत्तात आहे. पण इतिवृत्त वाचण्याची आमच्याकडे प्रथा नाही. ते वाचले असे मानून कायम करण्याची आहे.

यानंतर आम्ही काही जण रोप आणायला नर्सरीत गेलो. ज्यांना देशी झाडं दुर्मिळ होत चालली आहेत असं वाटतं त्यांनी एकदा नर्सरीत जावं, म्हणजे खात्री पटेल. तिथे ऑस्ट्रेलियाचे फॉक्सटेल पाम रांगेत उभे होते, थायलंडहून आलेले चाफे होते, चेंडूच्या आकारात कापलेली फायकस होती. बहावा म्हटल्यावर मालक जरा विचारात पडला.

“देशी पाहिजे ना?” त्याने एक टॅबेबुया पुढे केला. “हे घ्या. एकदम देशी. आपल्या उरुळीलाच वाढवलंय.”

टॅबेबुया अमेरिकेतला आहे असं बाईंनी सांगितल्यावर तो म्हणाला, “मॅडम, पिवळंच येतंय ना फूल? मग?” या प्रश्नाला वनस्पतिशास्त्रात उत्तर आहे, पण ते नर्सरीत उभं राहून देता येत नाही.

शेवटी प्रश्न सोडवला आमच्या माळीमामांनी. “पैशे देऊन बहावा घ्येताय व्हय साहेब? रस्त्याला शेंगा लोळत्यात,” असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीभर काळ्या शेंगा आणून टाकल्या. शेंग फोडली की आत चकत्यांसारखे पडदे, प्रत्येक कप्प्यात एक चपटं, तपकिरी, गुळगुळीत बी आणि भोवती काळा चिकट गर. बी मातीत टाकलं की उगवेल अशी आमची समजूत. बहाव्याचं बी इतकं टणक असतं की पाणी आत शिरायलाच तयार नसतं. जंगलात अस्वल, कोल्हे, माकडं गरासाठी शेंगा खातात आणि बिया दूरवर टाकतात. आमच्या सोसायटीत अस्वल नाही. म्हणून सुटीत घरी बसलेल्या मुलांना कामाला लावलं. त्यांनी सहाणेवर, जिन्यावर आणि एकाने चेअरमनच्या नव्या ग्रॅनाइटच्या उंबऱ्यावर बिया घासून त्यांचं कवच पातळ केलं, मग गरम पाण्यात रात्रभर ठेवलं. काही बियांनी कोंब दाखवला. त्यातलं सगळ्यात तजेलदार रोप पावसाळ्याच्या तोंडावर मधोमध लावलं.

बागेचा फलक मात्र रोपाच्या आधी लागला होता. तो रोपाच्या अनेकपट उंच होता. त्यावर ‘परागस्नेही उद्यान’ असं लिहून खाली काळ्या-नारिंगी रंगाचं एक देखणं फुलपाखरू काढलं होतं. पेंटरने ते मोबाइलवरून उतरवलं होतं आणि ते उत्तर अमेरिकेतलं मोनार्क निघालं. महाराष्ट्राने 2015 साली निलवंत हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं आहे, ते काढायला हवं होतं, असं बाईंचं म्हणणं. पेंटर म्हणाला, काळ्या-निळ्याचे वेगळे पैसे पडतील. मोनार्क राहिलं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी फलकाजवळ उभं राहून फोटो काढला, आणि रोप नेमकं कोणाच्या तरी बुटामागे गेलं.

पहिली काही वर्षं बहावा काहीच करत नाही. लोकांना दाखवण्यासारखं तर अजिबात नाही. तो मुळांच्या कामात असतो. बी लावल्यापासून फूल यायला पाच-सात वर्षं सहज जातात, आणि सोसायटीची व्यवस्थापन समिती पाच वर्षांसाठी असते. म्हणजे एका समितीने लावलेल्या बहाव्याचं फूल दुसऱ्या समितीच्या कारकिर्दीत येतं. निवडून येणारी माणसं बहाव्याऐवजी झटपट वाढणारी झाडं का लावतात, हे मला इथे समजलं.

बागेतला पहिला पाहुणा बहाव्याकडे आलाच नाही. रोपाला वारा लागून ते कलू नये म्हणून माळीमामांनी एक जाड वाळका बांबू रोवला होता. एका सकाळी बांबूला अगदी कंपासने काढल्यासारखं गोल भोक पडलेलं दिसलं, खाली भुशाचा ढीग, आणि आतून घरघर. काळा कुळकुळीत, अंगठ्याच्या पेराएवढा, निळसर पंखांचा भुंगा बांबूत राहायला आला होता. हाच तो भुंगा ज्याचा दाखला ज्ञानेश्वरांनी अर्जुनाच्या मोहासाठी दिला, कोरडं लाकूड सहज पोखरणारा आणि कोवळ्या कळीत मात्र अडकून पडणारा. आमच्या निवृत्त अभियंत्यांनी भोकाचा व्यास मोजला, भिंतीची उरलेली जाडी काढली आणि बांबू ‘स्ट्रक्चरली अनसेफ’ असल्याचा अहवाल दिला. भुंग्याने अहवालाची दखल घेतली नाही.

मग आला पावसाळा आणि त्याबरोबर अळ्या.

बहाव्याच्या कोवळ्या पानांवर फिक्या पिवळट-हिरव्या पंखांचं एक फुलपाखरू अंडी घालतं. इंग्रजीत त्याला कॉमन एमिग्रंट म्हणतात. त्याचा सुरवंट हिरवा असतो, इतका हिरवा की पान खाता खाता तोच पानाच्या जागी दिसू लागतो. एरवी हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण आमचं झाड लहान आणि गिऱ्हाईक जास्त. पंधरवड्यात रोपाच्या नुसत्या काड्या उरल्या. सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे फोटो आला, ‘बागेत कीड!!’ उद्गारवाचक चिन्हांसकट.

तातडीची बैठक भरली. “आपल्याला फुलपाखरू उद्यान करायचं होतं,” एक सभासद म्हणाले, “आणि इथे अळ्या कसल्या पाळताय?”

बाईंनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. हे गृहस्थ त्यांचे नववीतले विद्यार्थी होते. “अंडी, अळी, कोश आणि...?” त्यांनी विचारलं.

“तसं मला माहीत आहे बाई. परीक्षेत आलं होतं. पण सोसायटीत कशाला?”

तडजोड म्हणून त्यांनी असंही सुचवलं की फुलपाखरं तयार झाल्यावरच आणावीत. अळ्यांचा भाग बाहेर कुठेतरी, शक्यतो शेजारच्या सोसायटीत, उरकावा. या सुरवंटाला खाज आणणारे केस नसतात, तो गुळगुळीत असतो, घरात शिरत नाही, बहाव्याच्या जातीची झाडं सोडून तुमच्या कुंडीतल्या गुलाबाला हातही लावणार नाही, हे सगळं सांगून झालं. तरी मत ‘खायला काळ’ असंच पडलं. आमच्या अंदाजपत्रकात ‘परागस्नेही उद्यान’ आणि ‘पेस्ट कंट्रोल’ ही दोन कलमं एकाखाली एक आहेत, आणि दोन्ही त्याच सभेत, त्याच उत्साहात मंजूर झालेली आहेत. वरच्या कलमातून जे यावं ते खालच्या कलमातून मारावं, असा त्याचा अर्थ होतो हे लेखापरीक्षकाच्याही लक्षात आलेलं नाही.

या वेळी बाई बागेच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि फवारणीवाला पंप घेऊन परत गेला. सुरवंट खाऊनपिऊन जाड झाले, फांदीखाली हिरवे कोश लटकले, आणि एका उघडिपीच्या सकाळी पंख फुटून सगळे जण कुंपणावरून निघून गेले. ही फुलपाखरं थव्यांनी दूरवर स्थलांतर करतात. सोसायटीतल्या बऱ्याच फ्लॅटमधली मुलं न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्नला आहेत. इथलं होतं तेवढं खाऊन, वाढून, पंख फुटताच उडून जाणं हे काय असतं ते त्या आई-वडिलांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. उलट, “परत येतात का हो?” असं त्यातल्या एका काकूंनी बाईंना हळूच विचारलं. बहाव्याला मात्र काही झालं नव्हतं. महिन्याभरात त्याला नवी पानं आली. झाडाचा आणि सुरवंटाचा हा व्यवहार फार जुना आहे, त्यात सोसायटीच्या मध्यस्थीची गरज नसते.

पानगळीची गोष्ट वेगळी. त्यात मध्यस्थी झाली आणि ती लेखी झाली.

आमच्या मुलांच्या पुस्तकात पानगळ ऑक्टोबरमध्ये येते. चित्रात मेपलची नारिंगी पानं, खाली स्वेटर घातलेला मुलगा. ऑक्टोबरमध्ये पुण्यातली मुलं घामाघूम होऊन ही चित्रं रंगवतात. खिडकीबाहेर सगळं हिरवं असतं. आपल्याकडची झाडं थंडीला घाबरून पानं टाकत नाहीत, ती कोरड्या दिवसांचा हिशेब करून टाकतात. पानातून पाणी उडतं, जमिनीत पाणी नाही, मग पानं कमी करा. बहावा हे मार्च-एप्रिलमध्ये करतो, म्हणजे नेमकं जेव्हा माणसाला सावली हवी असते तेव्हा. शिवाय फुलं यायच्या वेळी पानं आड येत नाहीत, लांबून उडणाऱ्या भुंग्याला घोस सरळ दिसतात. झाडाच्या बाजूने पाहिलं तर सगळं चोख आहे. पण झाडाच्या बाजूने पाहायला सभेत कोणी बसत नाही.

काही वर्षं गेली आणि झाड चांगलं दोन मजले उंच झालं. मार्च सुरू झाला, पानं पिवळी पडून गळू लागली, आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. ताक घाला. हळद घाला. पालखी मुक्कामाला होती तेव्हा नजर लागली असेल. बोअरचं पाणी बदला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी खोडाला हात लावून, मान हलवून, “गेलं,” असा निर्वाळा दिला. माळीमामांनी नखाने साल किंचित खरवडून आतला हिरवा थर दाखवला. पण माळी सांगतो ते झाडाबद्दल असलं तरी साहेब लोकांना पटायला वेळ लागतो. वाळकी पानं दिवसातून दोनदा झाडली जात होती. ती झाडाखालीच आळ्यात राहू द्या, त्यातच कित्येक किडे राहतात आणि त्याचंच खत होतं, असं बाई ओरडून सांगत होत्या. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाची चळवळ आहे, ती एकाच्या अंगणातली वाळकी पानं दुसऱ्याच्या बागेत खतासाठी पोहोचवते. आमच्याकडे पानांची पोती गेटबाहेर ठेवलेली असत आणि त्याच आठवड्यात नर्सरीतून विकतचं खत आत येत असे. दोघं गेटवर समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळखत नसत.

मग ‘वठलेले व धोकादायक झाड’ काढण्याचा ठराव झाला. सुदैवाने आपल्याकडे झाड आपल्या मनाने तोडता येत नाही. 1975 चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, त्यानुसार परवानगी लागते. सेक्रेटरींनी अर्ज केला, फोटो जोडले, शिक्का मारला. सरकारी कामाच्या संथपणाबद्दल आयुष्यभर लिहून झालं, पण त्या संथपणाने वाचवलेल्या झाडांबद्दल कोणी लिहीत नाही. पाहणीला माणूस आला तो मे उजाडल्यावर. हातात अर्ज, अर्जावर काड्यांचा फोटो, आणि समोर पिवळ्याधमक झुंबरांनी नखशिखान्त लगडलेलं झाड.

“वठलेलं झाड कुठंय?” त्याने विचारलं.

सेक्रेटरींनी क्षणभर आजूबाजूला पाहिलं, जणू एखादं सापडलं तर बरं. मग त्यांनी बहाव्याखाली पाहुण्याचा फोटो काढला आणि चहा मागवला.

त्या पंधरवड्यात सोसायटीचं मतपरिवर्तन पाहण्यासारखं होतं. अर्जावर पहिली सही करणाऱ्यांनीच झाडाचं रील केलं. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकायला होता, त्याच्या जाहिरातीत ‘गोल्डन व्ह्यू’ आला आणि भाव वाढला. सी विंगमधल्या मल्याळी कुटुंबातल्या वहिनींनी मात्र खरी खंत बोलून दाखवली. केरळात हेच राज्यपुष्प, तिकडे त्याला कणिकोन्ना म्हणतात, विषूच्या पहाटे देवापुढे हे फूल लागतंच. विषू असतो एप्रिलच्या मध्यात आणि आमचा बहावा मेशिवाय तोंड उघडत नाही. पुण्यातल्या झाडाला कोणाच्या सणासाठी पंधरा दिवस आधी तयार होणं जमत नाही, हे त्यांनी समजून घेतलं.

बहावा फुलला की साधारण दीड महिन्यात पाऊस येतो, असं जुनी माणसं मानतात. हवामान खात्याचं शिमला ऑफिस पुण्यातच असल्यामुळे आमच्याकडे अंदाजाला कमी नाही. तरी आजोबांनी पहिला घोस दिसल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. झाड ‘गेलं’ असं याच आजोबांनी सांगितलं होतं, त्यामुळे मेघराजाने त्यांचं किती मनावर घ्यावं हा त्याचा प्रश्न.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ते पाहुणे एकदाचे आले. बहाव्याच्या फुलात मध नसतो, पराग असतो. पुंकेसर तीन तऱ्हेचे, लांब बाकदार, मध्यम आणि अगदी खुरटे. भुंगा येऊन फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू असे थरथरवतो की पराग झडून त्याच्या अंगावर पडतो. थोडा तो खाण्यासाठी घेऊन जातो, आणि लांब पुंकेसरांचा जो पाठीवर-कुशीवर पडतो तो नकळत पुढच्या फुलाला पोचवतो. हा थरथराट खाली उभं राहून स्पष्ट ऐकू येतो. झाड घुमत असतं. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘हल्ला’ असा घेतला गेला. मुलांना खाली सोडणं बंद झालं, एका काकांनी हेल्मेट घालून दूध आणलं.

बाईंनी पुन्हा वर्ग घेतला. अंगावर येऊन तोंडासमोर घिरट्या घालतो तो भुंगा बहुधा नर असतो, आणि नराला नांगीच नसते. नांगी असते मादीला, पण ती कामात असते, धरल्या-दाबल्याशिवाय कोणाच्या वाटेला जात नाही. हे ऐकून सभेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या हसल्या. पुरुषांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

याच काळात 20 मे येतो, जागतिक मधमाशी दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो ठरवला आणि 2018 पासून जगभर पाळतात. पुण्याला तर मधमाशीचं माहेर म्हणायला हरकत नाही. केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था इथे 1962 पासून आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर हे तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. त्यामुळे त्या सकाळी आमच्या ग्रुपवर मधमाशीचे एकापेक्षा एक शुभेच्छासंदेश आले. माशी नसेल तर माणूस किती वर्षं टिकेल याचे आकडे आले, खाली एका मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव टाकून. आणि दुपारी साडेबारा वाजता त्याच ग्रुपवर, ‘पाण्याच्या टाकीजवळ फुलोरी माश्यांचं एवढंसं पोळं लागलंय, कोणीतरी तातडीने जाळा.’ पोळं वाचलं ते तत्त्वासाठी नाही. टाकीजवळ जाऊन जाळणार कोण, यावर एकमत झालं नाही म्हणून.

फुलं सरली. आता हिरव्या शेंगा लांबत लांबत हातभर झाल्या आहेत. त्या वर्षभराने पिकून काळ्या होतील आणि वाऱ्यावर एकमेकींवर आपटतील. शेंगेतला गर आयुर्वेदात सौम्य रेचक म्हणून मान्यता पावलेला आहे, असं बाईंनी सहज सांगितल्यापासून साठीपुढच्या सभासदांचं झाडाकडे पाहण्याचं धोरण एकदम मवाळ झालं आहे. मुलांना शेंगांच्या तलवारी दिसू लागल्या आहेत. पार्किंगवाल्यांनी मात्र ‘शेंग पडून बॉनेटला पोचा आल्यास भरपाई कोण देणार’ हा विषय पुढच्या सभेसाठी आत्ताच दिला आहे. तो कार्यक्रमपत्रिकेवर ‘परागस्नेही उद्यान विस्तार’ या विषयाच्या लगेच खाली आहे.

तुम्हालाही लावायचा असेल तर नर्सरीत हेलपाटे घालू नका. उन्हाळ्यात रस्त्याकडेला काळ्या शेंगा पडलेल्या असतात, त्यातल्या बिया घासून, गरम पाण्यात भिजवून पावसाच्या आधी लावा. भिंतीपासून दूर, भरपूर ऊन येईल अशी जागा बघा, बुंध्याभोवती सिमेंटचा चौथरा करू नका. खाली पडलेली पानं खालीच राहू द्या. अळ्या दिसल्या तर पंधरा दिवस दुसरीकडे बघा. एखादा वाळका बांबू भुंग्यासाठी ठेवा. मार्चमध्ये झाड मेलं असं कोणीही सांगितलं तरी मेपर्यंत अर्ज करू नका.

आणि गाडी जरा लांब लावा.